मोहफूल कोणत्या समितीचं?

ग्रामसभा लांबते. रेशनचा विषय चालू असताना कोणीतरी मधेच बांबू काढतो, बांबूवर बोलणं रंगात आलं की कोणाची तरी म्हैस कोणाच्या तरी धानात शिरल्याचं निघतं, आणि म्हशीचा निकाल लागेपर्यंत अंधार पडतो. म्हणून सल्ला असा, की विषय वाटून टाका. जंगलाचं जंगलवाल्यांनी पाहावं, शाळेचं पालकांनी, पाण्याचं पाणीवाल्यांनी. प्रत्येकाची वेगळी बैठक, वेगळं रजिस्टर. ग्रामसभेने शेवटी नुसती मंजुरी द्यावी, तासाभरात सभा आटपावी आणि लोकांनी आपापल्या कामाला लागावं.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. पंचायत समितीतले साहेब देतात, संस्थांचे प्रशिक्षक देतात, पुण्या-मुंबईहून अहवाल लिहायला आलेले अभ्यासक देतात, आणि हल्ली गावातली बारावी झालेली पोरंही देऊ लागली आहेत. बहुतेक सगळे सज्जन. दुर्जनाचा डाव निदान ओळखू तरी येतो. सज्जनाने चार्टपेपरवर रंगीत पेनाने काढलेली वर्तुळं गाव आदराने भिंतीला चिकटवतं आणि वर्षभर त्यांच्याखाली बसतं.

मी ग्रामसभांची प्रोसिडिंग लिहायला बसतो. सभा भरकटते म्हणजे नेमकं काय होतं, हे सल्लागारांपेक्षा माझ्या बोटांना जास्त ठाऊक आहे. एका ठरावाच्या मधोमध चार भांडणं, दोन आठवणी आणि एक सोयरिकीची बोलणी कागदावर न आणता गाळायची, हे माझं काम. तरीही सांगतो, विषयांची ही वाटणी म्हणजे ग्रामसभा मोडायची सर्वांत सभ्य रीत आहे. गावं वाटा, टोले वाटा, अभ्यास वाटा, कामं वाटा. निर्णय वाटू नका.

आता एक मोहफूल घ्या. मार्च-एप्रिलात पहाटे झाडाखाली सडा पडतो. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला की गुरं, हरणं आणि अस्वल वाटेकरी होतात. ब्रह्मपुरीच्या जंगलात तर त्याच वेळी त्याच वाटेवर वाघही असतो, आणि फूल वेचायला वाकलेली बाई त्याला माणसासारखी दिसत नाही. फूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तो विस्तव नजर चुकवून सरकला की वणवा होतो. आई पहाटे जंगलात गेली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी थांबते, म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर तिच्यापुढे फुली. वाळवलेलं फूल व्यापारी मातीमोल भावाने नेतो आणि पुढे पावसात तेच चढ्या भावाने विकतो. घरात उरलेल्या फुलाची दारू होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली गेली. दारूबंदीच्या काळातही फूल पडायचं थांबलं नाही. शिवाय पहिलं फूल देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही.

हे एक फूल वाटणीच्या हिशेबाने कोणाकडे द्यायचं? वणव्याचं संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे. वाघाचं, ताडोबाच्या बफरमधलं गाव असेल तर, ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे. झाडाची नोंद जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या वहीत. मालकीहक्काचं वनहक्क समिती पाहील. दारू पिऊन झालेली मारामारी तंटामुक्त समितीपुढे. मुलीची गैरहजेरी शाळा व्यवस्थापन समितीपुढे. विक्रीचं बचत गटाने पाहावं, पैशाचं पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या पंचायत कायद्याच्या, कोष समितीने. आठ ठिकाणी आठ बैठका होतील, आठही रजिस्टरं भरतील, आणि सकाळी चारला घराबाहेर पडणाऱ्या बाईने नेमकं काय करावं, हे एकाही रजिस्टरात नसेल. वन समिती ठराव करील, की पाला पेटवू नये. ठीक. मग अस्वल दुरून दिसावं म्हणून जी मोकळी जागा लागते तिचं काय? तो आमचा विषय नाही.

तो आमचा विषय नाही, हे वाक्य गावात पूर्वी नव्हतं. ते कचेरीतून आलं. तालुक्याला गेल्यावर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिसरा बाबू जेवायला गेलेला. ही व्यवस्था आपण आता हौसेने समाजमंदिरात आणून बसवली आहे.

या समित्या गावाने आपली गरज पाहून काढल्या असत्या, तर मी एवढा कडू झालो नसतो. त्या मंत्रालयातल्या खात्यांनी काढल्या. प्रत्येक खात्याला गावात एक खुंटी लागते, आपली योजना टांगायला. वनखात्याने नव्वदच्या दशकात संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समित्या आणल्या आणि सदस्य-सचिव म्हणून आपलाच माणूस बसवला. खात्यावर त्याची सही असल्याशिवाय गावाला स्वतःच्या समितीचा पैसा निघेना. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आपली समिती आणली. गृहखात्याची तंटामुक्त मोहीम २००७ च्या पंधरा ऑगस्टला आली, ती आपली समिती घेऊन. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आला, त्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली, सचिव मुख्याध्यापक. पाणी आणि आरोग्य आधीपासून होतेच. गावाचे विषय कोणत्या रेघेवर कापायचे, ते मुंबईतल्या मजल्यांनी ठरवलं. तिथे वनखातं एका मजल्यावर आणि आदिवासी विकास दुसऱ्या मजल्यावर बसतं, म्हणून इथे झाड आणि झाडाखालची बाई वेगळ्या रजिस्टरात.

आणि माणसं? तीच. शंभर उंबऱ्यांच्या गावात लिहिता-वाचता येणारी, मोटरसायकल असलेली, तालुक्याला जाऊन साहेबाला नमस्कार घालू शकणारी किती असणार? पाच. मग तेच पाच जण इथे अध्यक्ष, तिथे उपाध्यक्ष, पलीकडे सदस्य. विषय वाटले म्हणजे सत्ता वाटली जाते, हा समज ज्याने पसरवला त्याने या पाच जणांना कधी पाहिलेलं नसावं. सगळ्या गावासमोर बोलताना ज्यांना घाम फुटायचा, ते आता सात जणांच्या बैठकीत चहा पिता पिता डोंगर लिहून देतात.

एका गावात मी स्वतः पाहिलेली गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे मला अजून जायचंय. एका योजनेखाली रोपवन करायचं ठरलं. समितीने ठराव दिला, जागा दाखवली, सह्या झाल्या, फोटो झाला. सगळं नियमाप्रमाणे. गुराख्याला कळलं ते यंत्राने चर खणून झाल्यावर, गाई चराच्या अलीकडे उभ्या राहिल्या तेव्हा. गुराखी कोणत्याच समितीवर नव्हता. चराई हा त्या समितीच्या अजेंड्यावर विषयच नव्हता. ग्रामसभेत तो ठराव वाचला गेला होता का? हो, गेला होता. ‘समित्यांच्या अहवालांस मंजुरी’ या एका ओळीत. ती ओळ मीच लिहिली होती, दुसरी ओळ लिहायला कोणी सांगितलंच नव्हतं.

याच्या उलट धानोरा तालुक्यातल्या एका गावात बांबूतोडीवर सभा चालू होती. कोणत्या कूपात तोड करायची, मजुरी किती, ट्रक कुठवर येणार. मागे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. ती आली होती निराधारच्या पगारासाठी. तो विषय शेवटी होता, म्हणून बसून होती. बांबूशी तिचा काही संबंध नाही, असं कोणीही सांगितलं असतं. ट्रकची वाट ठरत होती तेवढ्यात ती बोलली, ‘‘त्या वाटेनं टरक कसा नेता गा? आमचे मोहाचे झाडं हायेत ना तिथं.’’ सभा थांबली. अर्धा तास वाटेवर गेला. वाट बदलली, खर्च थोडा वाढला, झाडं राहिली. मी प्रोसिडिंगमध्ये लिहिलं: ‘सांगोपांग चर्चेअंती मार्ग बदलण्यात आला.’ विषयांची वाटणी केली असती, तर म्हातारी सामाजिक न्यायाच्या बैठकीला गेली असती आणि ट्रक मोहावरून.

सभा भरकटते ती अशी. आपल्या विषयाची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या कानावर दुसऱ्याचा विषय पडतो, आणि त्याला एखादी गोष्ट ठाऊक असते जी त्या विषयाच्या जाणकारांना नसते. गावाकडे दुसरी लेखापरीक्षा नाही. सनदी लेखापाल येतो तो वर्षातून एकदा, पावत्या मोजायला.

आता कोणीतरी मेंढ्याचं नाव घेईल. मी वाटच पाहत होतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सगळ्या प्रशिक्षणांत उदाहरण म्हणून येतं. मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ पुष्कळांनी वाचलेलं असतं, निदान कपाटात असतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तर शिबिरांच्या फलकांवर इतकी छापली गेली, की तिचा अर्थ धुऊन निघाला. लोक सांगतात, मेंढ्यातही गट आहेतच की! आहेत. अभ्यास गट आहेत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे रुजवलेल्या पद्धतीत अभ्यास गट एका बाजूला आणि ग्रामसभा दुसऱ्या बाजूला, ही रेघ ठळक आहे. अभ्यास गटात ज्याला गोडी आहे त्याने यावं, बाहेरच्याने यावं, अधिकाऱ्यालाही बोलवावं, वाद घालावा, कायदा वाचावा, आकडे तपासावेत. ठरवायचं मात्र ग्रामसभेत, आणि तेही बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने. एकाचीही हरकत असेल तर विषय पुढच्या सभेला. अभ्यास गटाला सही नाही, शिक्का नाही, पासबुक नाही. आमच्या सल्लागारांनी मेंढ्यातून गट तेवढे उचलले आणि त्यांच्या हातात शिक्का दिला.

सहमतीने काय साधतं, हेही त्याच गावाने दाखवलं. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्यांपैकी एक. हक्क कागदावर आला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. बांबू हे गवत की झाड, यावर खातं अडून बसलं. गाव हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ग्रामसभेच्या, बांबू उपसमितीच्या नाही. सात जणांची समिती असती, तर त्यातल्या चौघांना एखाद्या ठेकेदाराने एका जेवणावळीत गुंडाळलं असतं. अख्खं गाव जेवू घालायला ठेकेदाराला परवडत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हजारेक हेक्टरचा हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने बसून जंगलाचे नियम केले आणि बांबूचा व्यवहार स्वतः चालवला. पण मला त्या गावाचा मोठेपणा दिसतो तो तेंदूपत्त्यात. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. एकेक पुडा बांधून फडीवर नेला की हातात नोटा. पाचगावने तो सोडून दिला. कारण कोवळं पान यावं म्हणून झाडं छाटतात, जंगल पेटवतात. आग लागली की बाकी सगळं जातं. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही, पाखरांचं आणि पोरांचं टेंभुर्णं जातं. हा निर्णय कोणत्या समितीने घेतला असता? रोजगाराच्या समितीने तेंदू सोडला नसता. तिचं कामच मजुरीचे दिवस वाढवणं. वनाच्या समितीने सोडला असता, तर मजुरांनी तिचा अध्यक्ष बदलला असता. बांबूची मजुरी हातात येतेय म्हणून तेंदूची सोडता येईल, हा हिशेब जमला, कारण दोन्ही हिशेब एकाच सतरंजीवर मांडलेले होते.

एवढं ऐकून कोणाला वाटेल, मी मोठ्या सभेचा भक्त आहे. मुळीच नाही. जिथे वाटणी हवी तिथे सरकार ती जिवावर आल्यासारखी करतं, त्याचाच तर संताप आहे.

गट ग्रामपंचायत म्हणजे चार-पाच गावं आणि आणखी तेवढेच टोले एका पाटीखाली. सभा पंचायतीच्या गावात. तारखा राष्ट्रीय कॅलेंडरातल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मे म्हणजे तेंदूच्या हंगामाच्या तोंडावर. १५ ऑगस्टला रोवणा आटपायचा असतो, आणि भामरागडकडे नाले असे फुगलेले असतात की टोल्यातल्या माणसाला झेंडा दिसत नाही, सभा कुठली! कोरम भरत नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे जे आले ते गाव. ही सभा वाटली पाहिजे, आजच्या आज. पेसा कायदा १९९६ सालचा आहे. त्यात गाव म्हणजे महसुली नकाशावरचं गाव नव्हे, आपले रीतिरिवाज सांभाळत एकत्र नांदणारी वस्ती, टोला, पाडा, असं स्वच्छ लिहिलंय, आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. महाराष्ट्राला त्याचे नियम करायला ४ मार्च २०१४ उजाडला. अठरा वर्षं! एवढ्या काळात पोरगं मतदार होतं. आणि नियम आल्यावरही टोल्याने स्वतंत्र गाव म्हणून ठराव दिला, तर तो कोणत्या फायलीखाली झोपतो ते त्या टोल्यालाच विचारा.

टोल्याची सभा वेगळी हवी, कारण तिथे भाषा बदलते. पंचायतीच्या गावात मराठीत चाललेल्या सभेला माडिया माणूस येतो, बसतो, अंगठा देतो, जातो. त्याच्याच टोल्यात, गोटुलात, माडियात चाललेल्या सभेत त्याला गप्प बसवणं अवघड आहे. मी प्रयत्न होताना पाहिलाय. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न गावसभांकडे पाठवला. सरकारने त्यासाठी बाराच गावं निवडली, बहुतेक इवल्या वस्त्या. बाराही वस्त्यांनी नाही म्हटलं. त्या डोंगऱ्या कोंधांच्या सभांत देव, झरा, शेत आणि जंगल एकाच बसण्यात बोललं गेलं. कोर्टानेही वनहक्कांबरोबर धर्म आणि संस्कृतीचे हक्क विचारात घ्यायला सांगितलं होतं. सभा लहान होती, विषय मात्र सगळेच्या सगळे होते. आमच्याकडे नेमकं उलट मागतात: सभा पाच गावांची, विषय एक.

कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. आधी प्रत्येक गाव आपल्या गावात बसतं, मग गावोगावची माणसं एकत्र येतात. तेंदू, बांबू, झेंडेपारची खाण, बायकांचे प्रश्न, सगळं तिथे. तेंदूचा ठेकेदार एकेकट्या गावाला हातोहात फसवायचा, त्याला आता सगळ्यांसमोर भाव बोलावा लागतो. वाटायचं कसं आणि जोडायचं कसं, हे त्यांना कळलंय. त्यासाठी त्यांनी कोणाकडून वर्तुळं काढून घेतली नव्हती.

बायकांच्या वेगळ्या सभेचं काय, हा प्रश्न मला विचारला जातो, आणि विचारणारीचा सूर असा असतो की आता हा सापडला. महिला ग्रामसभा मला हवी आहे. सासरे, भासरे आणि सरपंच समोर असताना दारूबद्दल बोलणं काय असतं, ते मी पुरुष असूनही इतक्या सभांत पाहिलंय की वाद घालायची सोय नाही. कायद्यातच आहे, की नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यावी. ‘आधी’ लिहिलंय, ‘ऐवजी’ नाही. होतं काय? अंगणवाडीत दुपारी सह्या गोळा होतात, ठराव तालुक्याहून आलेल्या नमुन्यावरून उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत बायका दिसत नाहीत, कारण त्यांची सभा काल झाली! वनहक्काच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यात ग्रामसभेला निम्मी उपस्थिती हवी आणि आलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका हव्यात, असं आलं. बायकांनी वेगळं बसून आपलं म्हणणं पक्कं करावं आणि मग मोठ्या सभेत ते सगळ्यांच्या पुढ्यात आदळावं, हा क्रम. पहिलंच पुरे झालं असं ज्याने ठरवलं, त्याने बायकांना स्वयंपाकघर दिलं आणि वर पाटी लावली.

राहिला वेळेचा मुद्दा. हा एकच आक्षेप मला खरा वाटतो. रोजी बुडते. दिवसभर रोवणा करून आलेल्या बाईने रात्री अकरापर्यंत वादविवाद ऐकावेत, ही अपेक्षा क्रूर आहे. पोरांना कंटाळा येतो, हेही खरं. मला स्वतःला येतो. पण तोड समित्यांत नाही. सभा वर्षात चारदाच का? हंगाम पाहून बारा वेळा बसा, थोडं थोडं बसा. वनहक्काच्या आणि पेसाच्या ग्रामसभेला झेंडावंदनाची वाट पाहायची गरज नाही. अभ्यास आधी करून या, म्हणजे सभेत कायदा वाचत बसावं लागणार नाही. आणि सभा सर्वांत जास्त कशाने लांबते ते मी लिहिणारा माणूस सांगतो: स्वागत, हारतुरे, मान्यवरांची मनोगतं आणि साहेबांना झालेला उशीर. म्हातारीच्या वाक्याला पाच सेकंद लागले होते.

कंटाळा आलेल्या पोरांना एक विचारायचंय. तुमचा वेळ वाचावा म्हणून समिती हवी, की समितीत तुमचं नाव हवं म्हणून समिती हवी? दुसरं असेल तर तसं सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गावात मान कोणाला नको? पण मग ‘कार्यक्षमता’ हा शब्द मधे आणू नका.

समित्या नकोतच, असंही नाही. कामं कोणीतरी करायलाच हवीत. वनहक्क कायद्याने याची चांगली घडी घालून दिली आहे: वनहक्क समितीने दावे गोळा करावेत, जागेवर जाऊन मोजणी करावी, पुरावे लावावेत, नकाशा काढावा, आणि सगळं ग्रामसभेपुढे ठेवावं. ठराव ग्रामसभेचा. समितीकडे हमाली आहे, हुकूम नाही. एवढी साधी घडी. पण ती इतरांना पचत नाही. २०१४ सालचीच गंमत पाहा. मार्चमध्ये याच राज्याने पेसाचे नियम काढले आणि मेमध्ये याच राज्याने ग्रामवनाचे नियम काढले, इंग्रजांच्या १९२७ च्या वन कायद्याखाली. गावाला जंगल द्यायचं, पण वनहक्काच्या वाटेने नाही, खात्याच्या वाटेने. म्हणजे खात्याला वाटलं तर परत घेता येईल अशा बेताने. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयालाही ते खटकलं आणि त्याने आक्षेप घेतला. हे नियम पेसाबाहेरच्या गावांसाठी, आणि चंद्रपूरचा बराचसा भाग पेसाच्या बाहेर आहे. अशा गावात एका जंगलाला दोन दारं झाली: एका दारातून ग्रामसभा जाते, दुसऱ्यातून समिती. कोणत्या दाराला साहेबांचा चहा ठेवलेला असतो, ते सांगायला नको.

म्हणून वाटणीच्या पुरस्कर्त्यांशी मी आता तत्त्वाचा वाद घालत नाही. एकच काम सुचवतो. पुढच्या ग्रामसभेत गावातल्या झाडून सगळ्या समित्यांची पासबुकं मागवा. वन, जैवविविधता, कोष, पाणी, शाळा, तंटामुक्त, सगळी. ती पाहणीसाठी टेबलावर ठेवू नका. सातवीतल्या एखाद्या पोरीला उभं करून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लावा, कोणत्या तारखेला किती काढले आणि कोणाच्या सहीने. गोंडीत, माडियात सांगणारा शेजारी बसवा. मला प्रोसिडिंग लिहायला बोलवा, मजुरी नको. त्या दिवशी कोणत्या अध्यक्षाला ताप येतो, कोणाची सोयरीक तालुक्याला निघते आणि कोणत्या सचिवाचं कपाट नेमकं उघडत नाही, ते मी ठरावाच्या खाली नावानिशी लिहीन.